सही करू की गप्प बसू? कुंपणापलीकडच्या गॅस स्टेशनचा प्रश्न

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका मध्य न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये नवरा आणि लहान मुलीसह राहतात. सध्या नाशिकहून सासरेही आले आहेत. घराच्या मागच्या फेन्सला लागून एक जुनं गॅस स्टेशन आहे. दोन पंप, बाजूला गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, रात्री नऊला दिवे बंद. मालक एक गुजराती काका. बर्फात रुतलेली यांची गाडी त्यांनी स्वतः येऊन काढून दिली होती, आणि मंडळाच्या गणपतीला त्यांची वर्गणी न मागता येते. आता सर्टिफाइड मेलने नोटीस आली आहे: जुनं सगळं पाडून तिथे चोवीस तास चालणारं कन्व्हीनियन्स स्टोअर, मोठी कॅनोपी (पंपांवरचं छत) आणि सहा पंप. तीन आठवड्यांनी झोनिंग बोर्डापुढे, म्हणजे कुठल्या जागेचा काय वापर चालेल हे बघणाऱ्या टाउनशिपच्या समितीपुढे, सुनावणी आहे. शेजारीण विरोधाच्या अर्जावर सही मागते आहे. शेजाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी ‘या लोकांनी आपल्या गावाचा हायवे करून टाकला’ असंही लिहून मोकळं झालं आहे. नवरा एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्याचं म्हणणं, आपण बाहेरचे, कशाला नाव पुढे करायचं? मंडळातल्या एकांची बोर्डाच्या एका सदस्याशी ओळख आहे, ते ‘हळूच कानावर घालू का’ विचारतात. घराची किंमत पडेल ही भीती आहेच. सही करावी की गप्प बसावं, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

प्रिय ताई,

सही करू नका. पण सुनावणीला जा, आणि बोला.

तुम्ही दोनच वाटा धरून बसला आहात. एकीकडे काकांच्या विरोधात उभं राहायचं, नाहीतर तोंडाला कुलूप लावायचं. बोर्डापुढे त्या रात्री जे चालेल त्यात या दोन्हींना फारशी किंमत नाही. तिथे गावाचं मतदान होत नसतं. काका चांगले की वाईट, शेजाऱ्यांना हे हवं की नको, हेही तिथे ठरत नाही. बोर्डाला कायद्याच्या चौकटीत काही मोजके प्रश्न सोडवायचे असतात. त्या प्रश्नांना भिडणारं तुम्ही जे सांगाल, तेवढंच नोंदीत खऱ्या अर्थाने राहतं.

शेजारणीच्या अर्जाचं आधी सांगते, कारण ती उद्या परत दारात येईल. न्यू जर्सीत अशा सुनावणीत साक्ष शपथेवर होते आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात. कागदावर सही करून घरी बसलेल्या दीडशे लोकांना कोण प्रश्न विचारणार? म्हणून अशा अर्जांना पुरावा मानत नाहीत, आणि बोर्डाचे वकील बरेचदा सुरुवातीलाच तसं सांगून टाकतात. त्यात या अर्जाला त्या ग्रुपमधल्या ‘या लोकांनी’ची सोबत आहे. त्या वाक्याखाली तुमचं नाव जावं असं तुम्हालाही वाटत नाही, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. शेजारणीला एवढंच सांगा: ‘सही नको, पण मी स्वतः येणार आहे. तुझ्या खिडकीत दिवे येणार असतील तर तूही ये.’ तिची तक्रार खरी असेल तर ती येईल.

आता नोटीस पुन्हा हातात घ्या. ती तुम्हाला आली कारण तुमचं घर त्या जागेपासून २०० फुटांच्या आत आहे. राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज लॉनुसार एवढ्या अंतरातल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी कळवावं लागतं, आणि नकाशे व कागदपत्रंही किमान १० दिवस आधी लोकांना बघायला ठेवावी लागतात. ती कुठे आणि कोणत्या वेळेत बघता येतील हे नोटिशीतच असतं. (हे वाचणाऱ्या भाडेकरूंनी लक्षात घ्यावं: नोटीस मालकाला जाते, तुम्हाला नाही. पण तुमच्या राहण्यावर परिणाम होत असेल तर तुम्हीही बोलू शकता. २०१व्या फुटावर राहणाराही.)

तुमचं प्रकरण प्लॅनिंग बोर्डापुढे नसून झोनिंग बोर्डापुढे आहे, हे महत्त्वाचं. याचा अर्थ त्या जागेच्या वापराबाबत टाउनशिपच्या नियमात न बसणारं काहीतरी अर्जदाराला हवं आहे आणि त्यासाठी बहुधा यूज व्हेरियन्स, म्हणजे वापराच्या नियमातून खास सूट, लागणार आहे. कित्येक टाउनशिपमध्ये गॅस स्टेशनला अटींवर परवानगी असते. जागा किमान एवढी हवी, शाळेपासून किंवा दुसऱ्या गॅस स्टेशनपासून एवढं अंतर हवं, वगैरे. यातली एक जरी अट मोडत असेल तरी प्रकरण इथे येतं. आणि इथे साधं बहुमत पुरत नाही, सातजणांच्या बोर्डात पाच मतं बाजूने पडावी लागतात. त्या रात्री पाचच सदस्य हजर असले तर अर्जदाराचे वकील सहसा पुढची तारीख मागून घेतात.

तुमच्या सासऱ्यांनी विचारलंय की भारतात पेट्रोल पंप वस्तीपासून ५० मीटर लांब हवा असा नियम आहे, मग इथे कसा नाही? त्यांचं बरोबर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि जागेची अडचण असेल तिथेही ३० मीटरच्या आत येऊ नये असं म्हटलं. इथे अशी अंतरं मुख्यतः ज्या त्या टाउनशिपच्या झोनिंग अध्यादेशात असतात. तुमच्या टाउनशिपचा अध्यादेश ऑनलाइन मिळेल, त्यात गॅस स्टेशनचं कलम शोधा. आजोबांना या कामाला लावा, मला वाटतं ते तुमच्यापेक्षा चिकाटीने वाचतील.

तुम्ही मनातल्या मनात नव्या स्टेशनची तुलना कशाशी करताय? पत्र वाचून मला वाटलं, शांततेशी. पण बोर्डाने नाही म्हटलं तर तिथे हिरवळ उगवणार नाही, जुनं स्टेशन चालू राहील. आणि जुन्या स्टेशनच्या पोटात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. जमिनीखालच्या जुन्या टाक्या आणि त्यांचे पाइप गळले तर पेट्रोल मातीत आणि भूजलात उतरतं. अमेरिकेत अशा टाक्यांवर संघराज्याचे नियम १९८८ मध्ये आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला १९९८ पर्यंत मुदत दिली होती, इतका तो प्रश्न मोठा होता. काकांनी सगळं नियमाने केलंही असेल. पण पुनर्विकासात जुन्या टाक्या निघतात, खालची माती तपासली जाते, आणि दूषित निघाली तर राज्याच्या २००९च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक तज्ज्ञाच्या देखरेखीखाली साफ करावी लागते. तुमची मुलगी ज्या बॅकयार्डात खेळते त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. म्हणून सुनावणीत विचारा: सध्याच्या टाक्या किती जुन्या, इथे पूर्वी गळतीची नोंद आहे का, काढताना माती कोण तपासणार? टाउनशिपकडची कागदपत्रं ओप्रा कायद्याखाली मागता येतात. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखाच हा कायदा, फक्त तिथल्या ३० दिवसांऐवजी इथे साधारणपणे कामाचे ७ दिवस. अर्ज आजच टाका.

ट्रॅफिकचा मुद्दा सगळे शेजारी मांडतील, आणि बहुतेक जण तो चुकीचा मांडतील. ‘रस्त्यावर गाड्या वाढतील’ एवढ्याने भागत नाही. १९८४ मध्ये डंकिन डोनट्स विरुद्ध नॉर्थ ब्रन्सविक प्लॅनिंग बोर्ड या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं की जो वापर मुळात झोनिंगमध्ये बसतो, त्याचा साइट प्लॅन केवळ बाहेरच्या रस्त्यावरच्या गर्दीचं कारण देऊन नाकारता येत नाही. आत-बाहेर जाण्याची वाट सुरक्षित आहे का, हे मात्र बोर्ड बघू शकतं. तुमच्याकडे व्हेरियन्सचा प्रश्न असल्यामुळे बोर्डाला हात थोडा मोकळा आहे, तरी अर्जदाराचा ट्रॅफिक इंजिनिअर सांगणारच की यातल्या पुष्कळ गाड्या आधीच त्या रस्त्याने जात असतात, फक्त मध्ये वळून कॉफी घेतात. त्यात तथ्यही आहे. तुम्ही त्याच्याशी आकड्यांत भांडू नका. तुम्हाला रोज जे दिसतं ते सांगा. सकाळी स्कूल बस नेमकी कुठे थांबते, डावीकडे वळणारी गाडी किती वेळ अडते, फुटपाथ कुठे संपतो.

माझा सगळा भर मात्र यावर आहे की टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन नकाशे बघा. मोठे कागद असतात, घाबरायचं नाही. आधी बोर्डाच्या स्वतःच्या इंजिनिअरचं आणि प्लॅनरचं परीक्षणपत्र मागा. अर्जदाराच्या नकाशात काय कमी आहे, कुठले नियम मोडतात, याची यादी त्यात क्रमवार असते आणि तुमचं निम्मं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. मग दिव्यांचा नकाशा काढा. त्यावर मुंगीएवढ्या आकड्यांची जाळी असते, त्या त्या जागी किती फूट-कँडल (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पडेल ते दाखवणारी. कॅनोपीखाली मोठे आकडे असतील, ते असू देत. बोट ठेवून तुमच्या फेन्सच्या रेषेपर्यंत या. तिथे आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर तो तुमचा पहिला प्रश्न.

दुकानाची पाठ तुमच्या घराकडे आहे का बघा. असली तर फ्रीज-कूलरची यंत्रं छतावर किंवा मागच्या बाजूला येतील आणि ती रात्रभर घुरघुरत राहतील. राज्याच्या नियमानुसार व्यापारी जागेचा आवाज रहिवासी हद्दीवर दिवसा ६५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत ५०च्या वर. ‘ही यंत्रं आमच्या हद्दीवर रात्री ५०च्या आत राहतील हे कशावरून?’ असं सरळ विचारा. कचऱ्याचा डंपस्टर कुठे आहे ते शोधा, कारण पहाटे पाचला रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचं ते पीं-पीं बाकी सगळ्या आवाजांपेक्षा जास्त झोपा मोडतं. तेलाचा टँकर कुठून आत येतो, कुठे उभा राहतो, टाक्यांचे व्हेंट पाइप तुमच्या बाजूला आहेत का? पंपांवर बोलणारे स्क्रीन आहेत का? पावसाचं पाणी कुठे वळवलंय? २०२१ मध्ये आयडा वादळात तुमचं बेसमेंट भरलं होतं असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. जाता जाता नको, बोर्डापुढे ते सविस्तर सांगा.

या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर परवानगीतली एक अट होऊ शकतं. आठ फुटी भरीव कुंपण आणि त्याच्या आत सदाहरित झाडांची रांग, दिव्यांना घराकडून आडोसा, डिलिव्हरी आणि कचरा फक्त सकाळी ७ ते रात्री ९, पंपांवरचा आवाज बंद, कूलरच्या यंत्रांना भिंत. चोवीस तासांऐवजी मध्यरात्री बंद, हेही मागून बघा, मिळेलच असं नाही. पण अर्जदाराचे वकील अशा पुष्कळ गोष्टी जागच्या जागी मान्य करतात, त्यांना पाच मतं हवी असतात आणि झाडांची रांग त्यांना स्वस्त पडते. एक अट सांगते ती विसरू नका: लावलेली झाडं मेली तर पुन्हा लावायची. पहिल्याच हिवाळ्यात पिवळी पडलेली आर्बरव्हिटीची रांग या राज्यात कुठेही बघायला मिळते.

त्या रात्रीचा क्रम साधारण असा असतो. अर्जदाराचा सिव्हिल इंजिनिअर, ट्रॅफिक इंजिनिअर, प्लॅनर एकेक करून साक्ष देतात आणि प्रत्येकानंतर लोकांना प्रश्न विचारायची संधी मिळते. तेव्हा फक्त प्रश्न, आणि त्या साक्षीबद्दलच. आपली माणसं इथेच भाषण सुरू करतात आणि अध्यक्ष त्यांना थांबवतात, मग रुसून निघून जातात. तुमचं म्हणणं शेवटी, शपथ घेऊन. मुलीच्या खोलीच्या खिडकीतून काढलेले फोटो फोनवर दाखवू नका, छापून न्या, कारण जे दाखवाल त्याची प्रत बोर्डाकडे ठेवावी लागते. आणि सुनावणी पहिल्या रात्री संपली नाही तर पुढची तारीख तिथेच जाहीर होते. त्यासाठी पुन्हा नोटीस येत नाही. कितीतरी लोक दुसऱ्या नोटिशीची वाट बघत घरी बसतात.

नवऱ्याच्या भीतीबद्दल. ती हसण्यावारी नेऊ नका, इतकी वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक सरकारी खोलीत एकच खिडकी दिसते. पण या खोलीत ती खिडकी नाही. इथे बोलण्याचा हक्क नागरिकत्वातून येत नाही. ज्याच्या मालमत्तेच्या वापरावर किंवा उपभोगावर परिणाम होऊ शकतो अशी कुठलीही व्यक्ती कायद्याने हितसंबंधी धरली जाते. नाव आणि पत्ता विचारतात, व्हिसा नाही. शपथेवर बोलायचं असल्यामुळे माहीत आहे तेवढंच बोलायचं, एवढं पथ्य पाळा. तरीही त्याचं मन घेत नसेल तर त्याने घरी मुलीला सांभाळावं, तुम्ही जा. घर दोघांचं आहे.

आणि ते मंडळातले गृहस्थ. त्यांना आजच फोन करून सांगा की कृपा करून कुणाच्याही कानावर काही घालू नका. ओळख काढणं आपल्या अंगवळणी पडलंय, आणि त्यात त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण बोर्डाच्या सदस्यांनी खोलीत सगळ्यांसमोर झालेल्या नोंदीवरच निर्णय द्यायचा असतो. बाहेर कुणी त्यांना गाठलं हे उघड झालं तर त्या सदस्याला बाजूला व्हावं लागू शकतं, आणि तो कदाचित तुमच्याच बाजूने विचार करणारा असेल.

काकांकडे मात्र सुनावणीच्या आधी जा. आधी नकाशाच्या पहिल्या पानावर बघा, अर्जदार कोण आहे. पुष्कळदा जुना मालक जागा विकणार किंवा भाड्याने देणार असतो आणि अर्ज एखाद्या मोठ्या साखळीचा किंवा बिल्डरचा असतो. व्यापारी अर्जात कंपनीला १० टक्के किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांची नावं द्यावी लागतात, त्यावरून कळेल. तसं असेल तर तुम्ही ज्यांच्या विरोधात उभं राहायला घाबरताय ते काका त्या टेबलावर नसतीलही. ते स्वतःच अर्जदार असले तर आणखी बरं. त्यांना सांगा, ‘काका, मी हिअरिंगला येणार आहे आणि दिव्यांबद्दल, डंपस्टरबद्दल विचारणार आहे. तुम्हाला तिथे अचानक कळू नये म्हणून आधी सांगतेय.’ पुनर्विकास त्यांची निवृत्तीची पुंजी असू शकते, आणि पंचवीस माणसांच्या रागापेक्षा एका शेजारणीची यादी त्यांना सोपी जाईल. सुनावणीच्या आधी नकाशा बदलायला त्यांच्या इंजिनिअरला वेळही मिळेल. ते रागावले तर? रागावू देत. वर्गणी देणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही असा नियम आपण कधीच केला नव्हता.

घराच्या किमतीबद्दल मी फार लिहिणार नाही. बोर्डापुढे ‘आमच्या किमती पडतील’ हे मूल्यांकनतज्ज्ञाशिवाय कुणी बोललं तर त्याला वजन नसतं, आणि घर घेताना फेन्सपलीकडे स्टेशन होतंच, ते किमतीत धरलं गेलं होतं. दिवे, आवाज आणि पाणी आटोक्यात राहिलं तर किमतीचं पुष्कळसं त्यातच आलं.

हे सगळं करूनही एखादी गोष्ट अशी निघू शकते की अटींनी भागणार नाही. जागा फारच अरुंद आहे, टँकर वळायलाच तुमच्या फेन्सला घासतो, टाक्या नको तिथे आहेत. मग सरळ विरोध करा, आणि त्या कारणासाठी करा. अशा वेळी तीन-चार घरांनी मिळून एक प्लॅनर किंवा वकील केला तर खर्च पेलतो. प्रत्येकजण स्वतःपुरतं वकिलाशिवाय बोलू शकतो, पण गृहसंस्थेसारख्या संस्थेच्या नावाने उभं राहायचं तर वकील लागतो.

मतदान झालं की काम संपलं असं समजून घरी जाऊ नका. मान्य झालेल्या अटी लेखी ठरावात यायला हव्यात, तो ठराव सहसा ४५ दिवसांच्या आत पुढच्या एखाद्या बैठकीत मंजूर होतो. त्याची प्रत घ्या आणि तुमच्या टिपणांशी ताडून बघा. निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरियर कोर्टात आव्हान देता येतं, पण तिथे सुनावणीत नोंदलं गेलं तेच बघतात, म्हणून जे बोलायचं ते बोर्डापुढेच बोलून घ्या. आणि दुकान सुरू झाल्यावर पहाटे पाचला डंपस्टर वाजला तर फोन काकांना करा, आठवड्याने पुन्हा वाजला तर ठरावाच्या प्रतीसह टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसरला.